विद्यार्थ्यांसाठी 'नज': कुठे उपयोगी पडतं, कुठे नाही आणि सुरुवात कशी करावी

प्रश्न असा आहे: प्रवेश मिळूनही काही विद्यार्थी नोंदणी पूर्ण करत नाहीत, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत हातची घालवतात आणि सत्र अर्ध्यावर आलं की वर्गातली हजेरी रोडावते. मोबाइलवर संदेश पाठवून, वेळेवर आठवण करून देऊन, म्हणजे ज्यांना 'नज' म्हणतात तसल्या उपायांनी यात फरक पडतो का? मोठ्या झालेल्या मुलांना असं एका दिशेला वळवणं योग्य आहे का? आणि करायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी?

विद्यार्थी साहाय्य विभागात मी बरीच वर्षं हेच काम करत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. फरक पडतो, पण ठरावीक जागी. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट करायचीच आहे, ती एकदाच करायची आहे आणि मध्ये फॉर्म, तारीख किंवा एखादी किचकट पायरी आडवी आली आहे, अशा ठिकाणी नज चांगलं काम करतं. जिथे रोज दोन तास बसून अभ्यास करायचा आहे, मागच्या इयत्तांचा पाया कच्चा आहे किंवा फीचे पैसेच नाहीत, तिथे संदेशांनी जवळजवळ काहीच होत नाही. बहुतेक योजना फसतात त्या हा फरक न केल्यामुळे. संदेश पाठवणं स्वस्त आणि सोपं असतं, म्हणून सगळ्याच अडचणींवर तोच उपाय लावला जातो.

रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८ मध्ये ही कल्पना लोकांसमोर आणली. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कल्पना साधी आहे. कोणताही पर्याय बंद करायचा नाही, बक्षीस किंवा दंडही ठेवायचा नाही, फक्त निवड ज्या रीतीने समोर येते ती बदलायची. शिक्षणक्षेत्रात लोकांनी याचा अर्थ 'आठवणीचे संदेश' एवढाच घेतला, आणि मला वाटतं तिथेच मोठं नुकसान झालं. सर्वांत परिणामकारक नज बहुधा विद्यार्थ्याला काही सांगतच नाही. ते संस्थेच्या बाजूची अडचण काढून टाकतं.

याचा सर्वांत चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे उच्च शिक्षणासाठी सरकारी अर्थसाहाय्य हवं असेल तर 'फॅफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो. खालच्या प्रयोगाच्या काळात तो बराच लांबलचक होता. एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि सहकाऱ्यांनी एका करसल्लागार कंपनीच्या कार्यालयांत प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कर विवरणपत्र भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथेच बसल्या बसल्या हा अर्ज भरून दिला. बरीचशी माहिती विवरणपत्रात असतेच, ती तशीच अर्जात उतरवली आणि उरलेले प्रश्न कर्मचाऱ्याने तोंडी विचारले. दुसऱ्या गटाला तुम्हाला अंदाजे किती साहाय्य मिळेल ते सांगितलं आणि अर्ज करा म्हणून प्रोत्साहन दिलं, पण अर्ज भरून दिला नाही. पहिल्या गटातल्या, नुकतीच शाळा संपवत आलेल्या मुलांमध्ये पुढच्या तीन वर्षांत किमान दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीही बदल झाला नाही. मी नवीन सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी हाच प्रयोग सांगतो, कारण माहितीपत्रकं छापायची आपली सवय मोडायला याहून बोलकं उदाहरण माझ्याकडे नाही.

आपोआप लागू होणाऱ्या पर्यायाचंही तसंच आहे. वॉशिंग्टन डीसीमध्ये पीटर बर्गमन, जेसिका लास्की-फिंक आणि टॉड रॉजर्स यांनी पालकांसाठीच्या एका संदेशसेवेची चाचणी घेतली. पाल्याच्या गैरहजेरीची, न दिलेल्या गृहपाठाची आणि घसरलेल्या गुणांची खबर पालकांना मोबाइलवर जाणार होती. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे संकेतस्थळावर जाऊन नाव नोंदवा असं सांगितल्यावर एक टक्का पालकही आले नाहीत. सगळ्यांना थेट सामील करून घेतलं आणि 'नको असेल तर थांबवा' एवढीच सोय ठेवली, तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक पालक सेवेत राहिले. सेवा तीच, पालक तसेच. नोंदणी न करणारे पालक बेफिकीर असतात हा समज यातून पार मोडीत निघतो.

मिशिगन विद्यापीठाचा प्रयोग तर मला आणखी शिकवून गेला. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना एक ठळक, त्यांच्या नावाचं पत्र गेलं: तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी अर्थसाहाय्याचे वेगळे फॉर्म भरायची अट नाही. यातल्या बहुतेकांना एवढं साहाय्य एरवीही मिळालंच असतं. नवीन होती ती आधीच दिलेली हमी. अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर आणि तिथे प्रत्यक्ष शिकायला येणाऱ्यांचं १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं. 'कदाचित मिळेल' आणि 'नक्की मिळेल' यांत गरीब घरातल्या मुलासाठी किती अंतर असतं, ते आपल्यासारख्या पगारदारांना चटकन जाणवत नाही.

आता आठवणीच्या संदेशांकडे येतो. त्यांचा नावलौकिक झाला तो बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांच्या कामामुळे. शाळा संपून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत प्रवेश मिळालेली बरीच मुलं गळतात. त्या काळात शाळेचं लक्ष सुटलेलं असतं आणि कॉलेजचं लागलेलं नसतं, आणि नेमकी तेव्हाच फी, वसतिगृह, आरोग्यपत्र, विषयाची पातळी ठरवणारी चाचणी अशी कामं एकामागून एक येतात. २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी अशा मुलांना मोजके संदेश पाठवले. पुढची पायरी कोणती आणि मुदत कधी, हे प्रत्येक संदेशात होतं, आणि उत्तर पाठवलं तर समुपदेशकाशी बोलता यायचं. खर्च माणशी सात डॉलरच्या आसपास. ज्या गावांत मुलांना दुसरीकडून फारशी मदत नव्हती तिथे नोंदणी लक्षणीय वाढली.

मग हाच प्रयोग राज्य आणि देशपातळीवर नेला गेला. आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्याच्या अर्जाबद्दल संदेश गेले आणि नोंदणीवर परिणाम शून्य. भाषा बदलून पाहिली, मांडणी बदलून पाहिली, तरी फरक नाही. ज्यांना या क्षेत्रात काम करायचं आहे त्यांनी हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. छोट्या प्रयोगात पाठवणारी संस्था मुलांच्या ओळखीची होती, माहिती त्या मुलाच्या कॉलेजची होती आणि पलीकडे उत्तर द्यायला माणूस होता. मोठ्या मोहिमेत ही जवळीक राहिली नाही. माझ्या मते संदेशातली ताकद त्या तीन गोष्टींतून येते, मोबाइलमधून नाही.

हे जवळून दाखवायचं तर एक नमुना देतो. संस्थांकडून जाणारा संदेश साधारण असा असतो:

"सर्व संबंधित विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची अंतिम मुदत जवळ आली असून अद्याप अर्ज न भरलेल्या विद्यार्थ्यांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह आपले अर्ज विहित मुदतीत सादर करावेत. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही."

हा संदेश अर्ज भरलेल्यालाही जातो, त्यामुळे पुढच्या वेळी तो वाचत नाही. 'जवळ आली' म्हणजे कधी, 'आवश्यक ती' म्हणजे कोणती, 'सादर' कुठे, काहीच कळत नाही. कळते फक्त शेवटची तंबी. आम्ही पाठवतो तो असा:

"नमस्कार मीरा, विद्यार्थी साहाय्य कक्षातून लिहितो आहे. तुझा शिष्यवृत्तीचा अर्ज जवळजवळ पूर्ण झाला आहे, फक्त पालकांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडायचा राहिलाय. मोबाइलवर फोटो काढून खालच्या लिंकवर टाकलास तरी चालेल. मुदत शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. कागद मिळत नसेल तर याच नंबरवर 'अडचण' एवढंच लिही, मी फोन करतो."

सगळ्यांत मोलाची आहे ती शेवटची ओळ. त्या एका शब्दाच्या उत्तरातून खरी कारणं बाहेर येतात. एकीचे आईवडील वेगळे राहतात आणि कुणाचं उत्पन्न दाखवायचं हे तिला ठरवता येत नाही. एकाच्या कागदावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही. कुणी दिवसा काम करतो, त्याला कार्यालयाच्या वेळेत येता येत नाही. यातलं एकही कारण 'विसरलो' हे नाही. म्हणजे आठवण करून देणं हा इथे निम्माच उपाय होता. संस्थेला काय दुरुस्त करायचं आहे ते या उत्तरांनी सांगितलं.

म्हणूनच संदेश लिहायला बसण्याआधी एक काम कराच. चार-पाच विद्यार्थ्यांच्या शेजारी बसा आणि त्यांना तुमचा अर्ज त्यांच्याच मोबाइलवर भरू द्या. मदत करू नका, नुसतं बघा. 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यापाशी बोट थांबतं: दोघांचं मिळून की एकाचं, गेल्या वर्षीचं की या वर्षीचं? 'घरी विचारून नंतर भरतो' म्हणत तो खिडकी बंद करतो. संकेतस्थळ अर्धवट माहिती साठवत नाही. घरी गेल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. आता त्याला दहा आठवणी पाठवल्या तरी तो कंटाळा गिळून परत बसेलच असं नाही. रकान्याखाली एक ओळ आणि 'जपून ठेवा' असं बटण, हेच तिथलं नज आहे.

अभ्यासाच्या सवयींबाबत मी जास्त सावध असतो. फिलिप ओरिओपोलस आणि उरोस पेट्रोनिजेविक यांनी पाच वर्षांत सुमारे २५,००० विद्यार्थ्यांवर, मुख्यतः टोरंटो विद्यापीठात, ध्येय लिहून काढणं, वेळापत्रक आखणं, मोबाइलवरून मार्गदर्शन असे नाना उपाय करून पाहिले. गुणांवर परिणाम झाला नाही. मुलांना विद्यापीठाचा आधार वाटू लागला, ही गोष्ट मी लहान मानत नाही, पण उत्तीर्णतेसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. त्याच संशोधकांच्या एका आधीच्या प्रयोगात मात्र समोरासमोर नियमित भेटणाऱ्या मार्गदर्शकामुळे गुण वाढले होते, आणि संदेशांनी नव्हते. तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर ते कुठे लावावेत याचा निर्णय माझ्यापुरता इथे झाला आहे.

तरी अभ्यासातही दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि दोन्ही शिक्षकाच्या हातातल्या आहेत. एक, ध्येय गुणांचं ठेवू नका, कामाचं ठेवा. डेमियन क्लार्क, डेव्हिड गिल आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४,००० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, 'मी इतके सराव-संच सोडवीन' असं ठरवणाऱ्यांनी जास्त संच सोडवले आणि त्यांचे गुणही वाढले. 'मला अमुक श्रेणी हवी' असं ठरवणाऱ्यांत विशेष फरक पडला नाही. गुण आपल्या हातात नसतात, संच असतात. दुसरी गोष्ट मुदतीची. डॅन एरिली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका वर्गाला तीन निबंधांसाठी समान अंतरावर मुदती ठरवून दिल्या, तर दुसऱ्याला त्या स्वतः ठरवायला सांगितल्या. उशीर केला तर गुण कापले जाणार होते. दुसऱ्या वर्गातल्या बहुतेकांनी स्वतःहून शेवटच्या दिवसाआधीच्या मुदती निवडल्या. आपण चालढकल करतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण अंतर नीट राखता आलं नाही आणि नेमून दिलेल्या मुदतींच्या वर्गाला गुण जास्त मिळाले. सत्राच्या अखेरीला एकच मोठा प्रकल्प मागणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती असते: विषय, आराखडा, पहिला मसुदा असे त्याचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला थोडे गुण ठेवा. गुण ठेवले की काटेकोर अर्थाने ते नज राहत नाही. राहू नये तर न राहो, विद्यार्थ्याला उपयोग होतो.

हजेरीबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. तिथे शाळकरी वयात पालकांना नेमका आकडा कळवणं हा पारखलेला उपाय आहे. टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी फिलाडेल्फियात २८,००० हून अधिक घरांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की, आपलं मूल किती दिवस गैरहजर होतं याचा पालकांचा अंदाज बराच कमी असतो. 'तुमचं मूल या वर्षी इतके दिवस आलं नाही' असं साधं पत्र वेळोवेळी टपालाने गेलं, तर वरचेवर गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटलं. पत्रात वर्गातल्या इतरांशी तुलना जोडून जादा फायदा झाला नाही, तेव्हा ती टाळलेलीच बरी. कॉलेजातल्या सज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पत्र त्याच्या संमतीशिवाय घरी पाठवू नये. तो आकडा त्यालाच दाखवावा.

पूर्ण हजेरीची प्रमाणपत्रं वाटण्याआधी मात्र थांबा. कॅलिफोर्नियात सहावी ते बारावीच्या १५,३२९ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, आधी जाहीर केलेल्या पुरस्काराने हजेरी वाढली नाही, आणि अचानक दिलेल्या पुरस्काराने पुढच्या महिन्यात ती उलट घटली. मुलांनी अर्थ असा घेतला असावा की, आपण अपेक्षेपेक्षा जास्तच येतो आहोत. गुणांच्या जाहीर क्रमवारीचंही तसंच. लिओनार्दो बर्श्टिन आणि रॉबर्ट जेन्सन यांना काही वर्गांत असं आढळलं की, फलक लागल्यावर वर असलेली मुलंच मागे सरू लागली, कारण सवंगड्यांत उठून दिसणं त्यांना नको होतं. कोणत्याही वर्गात फलक लावण्याआधी तिथे पुढे असणं मानाचं आहे की चिडवण्याचं, हे बघून घ्या.

योग्य-अयोग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. तटस्थ फॉर्म नावाची गोष्ट नसते. आजचा किचकट फॉर्मही मुलांना एका दिशेला ढकलतोच आहे, आणि ती दिशा बाहेरची आहे. म्हणून बदलायला संकोच नसावा. पण मी तीन गोष्टींवर अडून बसतो. आपण काय केलं आणि का केलं हे विद्यार्थ्याला तोंडावर सांगता आलं पाहिजे. बाहेर पडणं सामील होण्याइतकंच सोपं हवं. आणि फायदा त्याचा हवा, संस्थेच्या आकडेवारीचा नाही. उत्तीर्णतेचं प्रमाण वाढावं म्हणून मुलांना अलगद सोप्या विषयाकडे वळवणं या कसोटीवर टिकत नाही. शैक्षणिक कर्ज तर कधीही आपोआप लागू होणारा पर्याय असू नये. आणखी एक: शिक्षण अर्ध्यावर सोडण्याच्या 'धोक्यात' असलेल्या मुलांची संगणकाने काढलेली यादी ही फक्त कर्मचाऱ्यासाठी असते. तो शब्द विद्यार्थ्यापर्यंत पोहोचता कामा नये. आधीच 'हे आपल्यासारख्यांचं ठिकाण नाही' असं वाटणारी मुलगी असा संदेश वाचून काय समजेल, याचा विचार पाठवण्याआधी व्हायला हवा.

सुरुवात एकाच टप्प्यापासून करा. प्रवेशपत्र मिळाल्यापासून पहिल्या वर्गापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या कागदावर मांडा आणि प्रत्येकीवर किती मुलं गळतात ते मोजा. जिथे सर्वांत जास्त गळतात तिथे क्रम असा ठेवा: ती पायरी काढूनच टाकता येते का? नाही तर ती आपल्याकडची माहिती वापरून आधीच भरून देता येते का? नाही तर आपोआप लागू करता येते का? हे तिन्ही जमत नसेल तरच संदेश. संदेश मोजके असू द्या. लहान मुलांच्या पालकांवर झालेल्या प्रयोगांत आठवड्याला तीन संदेश चालले, पाच झाल्यावर सेवा सोडणारे वाढले.

आणि मोजायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवलं की, नियतकालिकांत छापून आलेल्या नज-प्रयोगांत सरासरी ८.७ टक्के-बिंदूंचा (म्हणजे ५० टक्क्यांचे ५८.७ टक्के व्हावेत इतका) परिणाम दिसतो, तर सरकारी कामांत नज करून पाहणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांच्या सगळ्या प्रयोगांची सरासरी १.४ आहे. या तफावतीतला मोठा वाटा, न चाललेले प्रयोग छापलेच जात नाहीत, याचा आहे. तेव्हा अपेक्षा १.४ च्या जवळपास ठेवा. चिठ्ठ्या टाकून निम्म्या विद्यार्थ्यांना नवा संदेश या आठवड्यात आणि उरलेल्यांना पुढच्या आठवड्यात पाठवा. मुदतीच्या आत हे बसत असेल तर कुणावर अन्यायही होत नाही. किती जणांनी संदेश उघडला हे बघू नका, किती जणांची नोंदणी पूर्ण झाली ते बघा. विद्यार्थी शे-दोनशेच असतील तर एवढा लहान फरक आकड्यांत दिसणारच नाही. अशा वेळी प्रयोगाच्या मागे न लागता 'अडचण' लिहून पाठवणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी फोन होईल एवढी माणसं कामाला लावा, आणि त्यांना त्या फोनखेरीज दुसरं काम त्या आठवड्यात देऊ नका.